उन्हाची मोजणी चुकते आहे

पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुण्यात किंवा कोल्हापुरात कुणी ‘आम्ही सोलर बसवलं’ म्हणालं, की त्याचा अर्थ एकच असे. गच्चीवर गरम पाण्याची टाकी आली आणि गिझर आता पावसाळ्यापुरता उरला. आज तेच वाक्य ऐकून समोरचा विचारतो, ‘किती किलोवॅटचं?’ शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. वस्तूबरोबर मोजपट्टीही बदलली, आणि तक्रार आहे ती या मोजपट्टीबद्दल. सरकारी योजना, बँकांची कर्जं, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळीकडे ऊन मोजलं जातं ते मेगावॉटमध्ये, म्हणजे विजेत. जे ऊन वीज न होता थेट पाणी तापवतं, भात शिजवतं, मिरची वाळवतं, ते या हिशेबात जवळजवळ धरलंच जात नाही.

पॅनेलशी भांडण नाही. विजेसाठी पॅनेल हाच आज सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि शेतीपंपासाठी तर तो वादातीत आहे. पण सौर तंत्रज्ञानाचा सुरुवातीचा इतिहास नीट पाहिला तर त्यात दोन वेगळे कारखाने दिसतात. एकात उन्हाची उष्णता घेऊन इंजिन फिरवू पाहणारी माणसं आहेत. त्यांना पदकं मिळाली, राजे आणि सेनापती बघायला आले, आणि यंत्रं भंगारात गेली. दुसऱ्यात उष्णता घेऊन ती उष्णता म्हणूनच वापरणारी माणसं आहेत. त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत, पण त्यांचा माल हजारोंनी खपला. आपलं धोरण अजून पहिल्याच कारखान्याच्या दारात उभं आहे.

सुरुवात एका पेटीपासून झाली. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या; सगळ्यांत आतल्या पेटीत पारा ८७ अंश सेल्सियसच्या वर गेला. पुढे त्याने लाकडी पेटीला आतून काळ्या बुचाचं अस्तर लावलं, वर तीन काचा बसवल्या आणि बाहेरून लोकर गुंडाळली, तेव्हा आतलं तापमान ११० अंशांच्या आसपास पोचलं. म्हणजे पाणी उकळेल इतकं, आणि तेही एकही आरसा न वापरता. मग त्याने पेटी डोंगरावर नेली. वर हवा खूप थंड होती, तरी पेटीतलं तापमान जवळपास तेवढंच राहिलं. पेटीला उन्हाशी काम आहे, हवेच्या उकाड्याशी नाही. डिसेंबरात निरभ्र आकाश असताना पुण्यातल्या गच्चीवरची टाकी उत्तम तापते आणि जुलैच्या दमट उकाड्यात तापत नाही, त्याचं कारण हेच. तरीही ‘थंडीत सोलर चालत नाही’ हा गैरसमज जात नाही तो नाहीच.

आता पहिल्या कारखान्याकडे. फ्रान्समधल्या तूर शहरात गणित शिकवणाऱ्या ओगुस्त मूशो याने १८६० च्या सुमारास काम सुरू केलं. त्याची मांडणी अशी: शंकूच्या आकाराचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा आरसा, मधोमध काळा केलेला उभा बॉयलर, त्याच्यावर काचेची घंटा. काच म्हणजे सोस्यूरची पेटी, आरसा ही मूशोची भर. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या मोठ्या आरशाने उन्हावर बर्फ तयार करून दाखवला आणि सुवर्णपदक मिळवलं. त्याचा सहकारी आबेल पिफ्र याने ऑगस्ट १८८२ मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत सूर्यावर छापखाना चालवला. तासाला ५०० प्रती निघाल्या. एवढं होऊनही सरकारने पाठ फिरवली. १८६० च्या व्यापारकरारानंतर फ्रान्समध्ये इंग्लंडचा कोळसा स्वस्त झाला होता, आणि चांदीचा आरसा दर काही दिवसांनी घासून चमकवावा लागत होता.

मूशोची बातमी वाचून मुंबईत एका इंग्रज अधिकाऱ्याने हातात पेन्सिल घेतली. विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार होता. चांदीचा मुलामा काळा पडणार आणि एकसंध मोठा आरसा सूर्यामागे फिरवणं जिकिरीचं होणार, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याला हे सांगायला नकोच. त्याने साध्या सपाट काचेचे आरसे घेतले, प्रत्येक १७ बाय १० इंचांचा. ते अर्धवर्तुळात एका चौकटीवर बसवायचे, प्रत्येकाचा कोन असा लावायचा की सगळे कवडसे एकाच ठिकाणी पडतील. बॉयलर जागचा हलवायचा नाही; सूर्य सरकेल तशी चौकट रुळावरून ढकलायची. दिवसातून तीन-चार वेळा एक मजूर हे काम करू शकेल, असा त्याचा अंदाज होता. एकेक आरसा वाढवत तो तापमान मोजत गेला आणि ७२ आरशांवर थांबला. केंद्रस्थानी लाकडाचा तुकडा धरला, तो ताबडतोब पेटला. मग बॉयलर आला, त्याला अडीच अश्वशक्तीचं इंजिन जोडलं गेलं आणि बंगल्याच्या आवारात ते पंधरवडाभर दिवसाउजेडी चाललं. सेनापती, न्यायमूर्ती, बांधकाम खात्याचे सचिव, गिरणीमालक, सगळे बघून गेले. जागच्या जागी बॉयलर आणि भोवती असंख्य सपाट आरसे, ही कल्पना आजच्या सौर मनोऱ्यांच्या वीज केंद्रांत वापरली जाते. तिचं मूळ मुंबईतलं आहे.

इथे थोडा हिशेब करायला हवा, कारण ‘७२ आरशांवर अडीच अश्वशक्ती’ असं वाक्य तयार करण्याचा मोह होतो. ७२ आरशांचं एकूण क्षेत्र भरतं सुमारे ८ चौरस मीटर. मुंबईच्या स्वच्छ उन्हात त्यावर थेट किरणांची साडेसहा किलोवॅट शक्ती पडेल. आरशातून परावर्तित होताना आणि बॉयलरमधून निसटताना तिच्यातली चार किलोवॅट उरली तरी पुष्कळ. त्या काळच्या छोट्या वाफेच्या इंजिनाने यातले पाच-सहा टक्के कामात आणले तर हाती येतात सव्वादोनशे वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा. अडीच अश्वशक्ती ही इंजिनाची क्षमता. पूर्ण भाराने ते चालवायला आरसे ७२ च्या कित्येक पट लागले असते. चार किलोवॅट उष्णता हातात असताना सव्वादोनशे वॅट गती मिळवायची, बाकीची हवेत सोडून द्यायची. सौर इंजिनांचं दुखणं या एका आकड्यात आहे.

याच अ‍ॅडम्सने त्याच काळात आणखी एक वस्तू बनवली होती, जिचं फारसं कौतुक झालं नाही. लाकडी शंकू, तोंडाशी २ फूट ४ इंच व्यासाचा, आतून साध्या आरशांच्या पट्ट्या. मध्ये तांब्याचं उभं भांडं. भांड्यावर अष्टकोनी काचेचं झाकण. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात, यात सात शिपायांचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजत असे. वाफ आत कोंडली तर पदार्थ उकडला जायचा, बाहेर जाऊ दिली तर भाजला जायचा. ना इंजिन, ना झडपा, ना बॉयलर फुटण्याची भीती. आलेल्या पाहुण्यांना मात्र इंजिन दाखवलं गेलं.

अ‍ॅडम्सच्या पस्तीस वर्षांनंतर कैरोच्या दक्षिणेला मादी इथे फ्रँक शूमन या फिलाडेल्फियाच्या अभियंत्याने पहिल्या कारखान्यातलं सर्वांत मोठं काम उभं केलं. पन्हळीच्या आकाराचे पाच आरसे, प्रत्येक ६२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. एकूण क्षेत्र सव्वाबाराशे चौरस मीटर. पन्हळीच्या मध्यरेषेवर बॉयलरची नळी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पन्हळ आपोआप सूर्याकडे कलत जाईल अशी यंत्रणा. हेतू नाईलचं पाणी शेतात चढवण्याचा. १९१२ मध्ये पहिली चाचणी झाली ती फसली, आणि कशी फसली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॉयलर जस्ताचे केले होते. जस्त ४१९ अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधीच मऊ पडतं. केंद्रित उन्हात नळ्या ढिल्या पडून खाली लोंबू लागल्या. त्या काढून ओतीव लोखंडाच्या बसवल्या आणि १९१३ मध्ये यंत्र चाललं. इजिप्तमधला ब्रिटिशांचा प्रतिनिधी लॉर्ड किचनर आला, सुदानमधल्या ३०,००० एकर कापसाच्या जमिनीची गोष्ट निघाली, जर्मनीने पैसे कबूल केले. पुढच्या वर्षी महायुद्ध लागलं, अभियंते आपापल्या देशी गेले, १९१८ मध्ये शूमन वारला. युद्धानंतर तेल आलं.

मादीच्या यंत्राला युद्धाने मारलं असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. शूमनची वाफ जेमतेम वातावरणाच्या दाबाची, म्हणजे १०० अंशांच्या घरातली होती. १०० अंशांची वाफ आणि ३५ अंशांचं थंड पाणी यांच्यामध्ये चालणारं कोणतंही इंजिन, कितीही उत्तम बनवा, १७ टक्क्यांहून जास्त उष्णतेचं काम करू शकत नाही. हे निसर्गाचं बंधन आहे. प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्मं-पाव येतं. कोळशाच्या भट्टीतल्या जास्त दाबाच्या वाफेशी आणि नंतरच्या डिझेल इंजिनाशी या आकड्याने स्पर्धा होणार नव्हती. युद्ध नसतं तर यंत्र आणखी काही वर्षं जगलं असतं, इतकंच.

आणि तरीही मादीची वाफ वाया घालवण्यासारखी नव्हती. तिथे सर्वोत्तम तासाला १,४४२ पौंड, म्हणजे सुमारे ६५० किलो वाफ तयार झाल्याची नोंद आहे. हा आकडा शिर्डीच्या प्रसादालयाशेजारी ठेवून बघा. तिथे २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर डिश, म्हणजे ऊन एका जागी आणणारे वाटीसारखे आरसे, बसल्या. एकूण क्षेत्र ११६८ चौरस मीटर, जवळजवळ मादीएवढंच. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ हा त्या संचाचा सांगितला गेलेला आकडा. मादीची तासाची वाफ पाच-साडेपाच तासांनी गुणली तर तिथेच येतो. शंभर वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी तेवढेच आरसे, तेवढीच वाफ. फरक एवढाच की मादीत ती इंजिनात गेली आणि नव्वदाहून जास्त टक्के वाया गेली. शिर्डीत ती नळीने थेट भाता-वरणाच्या भांड्यांकडे गेली. उन्हातून वाफ काढण्याचं तंत्र शूमनच्या वेळीच तयार होतं. ती घालायची कुठे, हा प्रश्न चुकला होता.

दुसऱ्या कारखान्याची गोष्ट कमी दिमाखदार आणि जास्त शिकवणारी आहे. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर बंबाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या लोखंडी टाक्या, भोवती लाकडी पेटी, वर काच; किंमत २५ डॉलर. सोस्यूरच्या पेटीत पाण्याची टाकी ठेवली, बस्स. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात लाकडं सारणाऱ्याला जी कटकट होती तीच तिथल्या गृहिणीला होती, आणि कोळसा महाग होता. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात १८९७ पर्यंत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत सौर बंब आले. दोष एकच: टाकीच उन्हात असल्यामुळे रात्री पाणी निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीने तापवणारा भाग आणि साठवणारा भाग वेगळे केले. उथळ पेटीत काळ्या पत्र्यावर तांब्याच्या नळ्या, आणि टाकी वर घरात, भोवती उष्णतारोधक आवरण. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, थंड खाली येतं. पंप लागत नाही. नावही मार्मिक दिलं, ‘डे अँड नाइट’. आज महाराष्ट्रातल्या गच्चीवर जो सपाट पत्र्याचा संच दिसतो, तो बेलीचाच आहे.

१९१३ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात अचानक कडाक्याची थंडी पडली आणि बेलीच्या नळ्या आतलं पाणी गोठून फुटल्या. त्याने उन्हातल्या नळ्यांमध्ये पाण्याऐवजी अल्कोहोल मिसळलेलं पाणी बंद चक्रात फिरवलं आणि टाकीच्या आत वेटोळं बसवून उष्णता तिथे उतरवली. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, पण बोअरचं क्षाराचं पाणी तोच घात सावकाश करतं, आणि त्यावरही उपाय बेलीचाच, आज त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. मग लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू सापडला, वायू कंपन्यांनी स्वस्तात जोडण्या दिल्या, आणि १९२० मध्ये वर्षाला हजारावर असलेली विक्री १९३० मध्ये चाळीसवर आली. बेलीची कंपनी स्वतःच गॅसचे गिझर करू लागली. फ्लोरिडात गॅस नव्हता, तिथे धंदा चालू राहिला. १९४१ पर्यंत मायामीतल्या निम्म्याहून अधिक घरांत सौर गरम पाणी होतं. तिथे घाव घातला तो युद्धकाळातल्या तांब्याच्या बंदीने आणि नंतर स्वस्त विजेने. शिवाय तांब्याच्या नळ्या आणि जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी टाकी एकत्र जोडल्या, की दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने टाकी आतून खात जाते. अशा टाक्या फुटून घरात पाणी झालं, आणि लोकांचा विश्वास उडाला.

पॅनेलचा सुरुवातीचा इतिहास या सगळ्याच्या मानाने शांत आहे. १८३९ मध्ये एदमों बेकरेलला प्रकाशाने वीज निर्माण होते हे दिसलं. १८७६ मध्ये लंडनच्या विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स आणि रिचर्ड डे यांनी सेलेनियममध्ये ते दाखवलं (मुंबईचा अ‍ॅडम्स वेगळा, नावावरून गल्लत नको). १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर चढवून घट, म्हणजे सोलर सेल, बनवले, कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास. १९५४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा घट ६ टक्क्यांवर नेला. तेव्हा एका वॅटला २८६ डॉलर पडत होते. म्हणून तो घरावर न जाता १९५८ मध्ये व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून अवकाशात गेला, आणि किंमत उतरायला पुढची पन्नास वर्षं गेली. ही किंमत उतरणं खरंच विलक्षण आहे. मादीला जे जमलं नाही, म्हणजे शेतातल्या विहिरीचं पाणी उन्हावर उपसणं, ते आज मराठवाड्यात तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीच्या सौर पंपांनी होतं आहे. शूमनला याचा आनंदच झाला असता.

पण त्याच विजयाने मोजपट्टी बिघडवली. २०१० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात दोन उद्दिष्टं शेजारी शेजारी होती: २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट वीज, आणि २ कोटी चौरस मीटर उष्णता-संग्राहक, म्हणजे बेलीच्या पेटीसारखे उन्हात पाणी तापवणारे संच. उष्णतेच्या क्षेत्राचं क्षमतेत रूपांतर करण्याची जगमान्य पद्धत आहे, एका चौरस मीटरला ०.७ किलोवॅट. त्या हिशेबाने २ कोटी चौरस मीटर म्हणजे १४,००० मेगावॉट उष्णता. वीज आणि उष्णता जवळपास बरोबरीने धरली होती. २०१५ मध्ये विजेचं उद्दिष्ट पाचपट करून एक लाख मेगावॉट झालं, त्याचा डंका पिटला गेला. त्या २ कोटी चौरस मीटरचं पुढे काय झालं, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या शंभरांतल्या एकालाही सांगता येणार नाही. पाणी तापवणाऱ्या संचांवरचं केंद्राचं अनुदान त्याच दशकाच्या मध्याला थांबलं. २०२४ च्या सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं लक्ष्य आहे, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. गच्चीवरच्या गरम पाण्याला त्यात जागा नाही.

याने नुकसान काय, ते घरगुती आकड्यांत बघू. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात. चांगल्या उन्हात २ चौरस मीटरचा संग्राहक दिवसाभरात हे करतो. पॅनेलने हेच काम साध्या गिझरमार्फत करायचं तर एक किलोवॅटचं पॅनेल लागतं, म्हणजे सुमारे ५ चौरस मीटर. शहरातल्या इमारतीत गच्ची एकच, फ्लॅट चाळीस. जागेचा हा अडीच पटीचा फरक तिथे जिवावर येतो. त्याहून मोठा मुद्दा वेळेचा. गिझर चालू होतात सकाळी सहा ते आठ, तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं. पन्नास घरांचे दोन-दोन किलोवॅटचे गिझर एकदम लागले की शंभर किलोवॅटचा भार. दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारं नेट मीटर महिनाअखेरीस बिल शून्यावर आणतं, पण सकाळी सातची ती वीज कोळशाची असते. गरम पाण्याच्या टाकीला हा प्रश्नच नाही; कालचं ऊन तिच्यात रात्रभर साठलेलं असतं.

एक आक्षेप मात्र भारी आहे आणि तो टाळून चालणार नाही. पॅनेलच्या विजेवर साधा गिझर न लावता हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र, लावला, तर एका युनिटला तीन युनिट उष्णता मिळते. मग पॅनेलचा एक चौरस मीटर संग्राहकाच्या बरोबरीला येतो, थोडा पुढेही जातो, आणि दुपारी पंप चालवून पाणी साठवलं तर वेळेचा प्रश्नही सुटतो. शिवाय मे महिन्यात गरम पाणी नको असतं तेव्हा पॅनेल वीज ग्रिडला देतं, संग्राहक नुसता तापत बसतो. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मागणी ‘पॅनेलऐवजी संग्राहक’ अशी नाही. मागणी आहे ती घरात किंवा कारखान्यात पोचलेली उष्णता मोजण्याची, मग ती काळ्या पत्र्यातून आलेली असो की हीट पंपातून. ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावं. आज उष्णता मोजलीच जात नसल्यामुळे या दोहोंची तुलनाही होत नाही.

कारखान्यांत तर ही मोजणी जास्तच गरजेची आहे. इचलकरंजीतल्या कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह रंग साधारण ६० अंशांना चढतो. दूध पाश्चराइज करायला ७२ अंश आणि १५ सेकंद लागतात. या कामांसाठी बॉयलरमध्ये १७० अंशांची वाफ करायची आणि ती ६० अंशांच्या हौदात सोडायची, ही रीत कोळशाच्या काळात पडली आणि चालत राहिली. इथे एक सावधगिरी: सौर विक्रेता सांगतो की बॉयलरचं पाणी उन्हावर तापवा, इंधन निम्मं होईल. तसं होत नाही. बॉयलरला जाणारं पाणी २५ वरून ८५ अंशांवर नेलं तरी वाफेला लागणाऱ्या एकूण उष्णतेतली फक्त नऊ-साडेनऊ टक्के वाचते, कारण मोठा वाटा पाण्याची वाफ होण्यातच जातो. खरी बचत वाफ टाळून हौदाला थेट गरम पाणी देण्यात आहे, आणि त्यासाठी आधी कुठल्या हौदाला किती अंश आणि किती लिटर लागतात याची वही ठेवावी लागते. ती वही बहुतेक ठिकाणी नाही.

आता उष्णतेच्या बाजूचे दोष. ते झाकून धोरण मागता येणार नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात आरशाची सौर चूल काढली. ती फसली, कारण दर पंधरा-वीस मिनिटांनी चूल फिरवायला बाईने भर उन्हात उभं राहायचं आणि भाकरी संध्याकाळी करायची असते. यंत्र बरोबर होतं, स्वयंपाकघर कुणी पाहिलं नव्हतं. शिर्डीसारख्या ठिकाणी ते जमतं, कारण आचारी सावलीत असतो, डिश सांभाळायला वेगळा माणूस असतो आणि ढग आले तर इंधनाचा बॉयलर हाताशी असतो.

गच्चीवरच्या संचांची दुर्दशा याहून साध्या कारणांनी होते. बिल्डर भोगवटा प्रमाणपत्रापुरता संच बसवतो आणि जातो. टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेपासून फूटभर तरी उंच हवा; जागा वाचवायला तो खाली आणला की रात्री चक्र उलटं फिरतं आणि टाकी निवते. हवा निघायची उभी नळी विसरली की नळीत हवेचा गोळा अडकतो आणि पाणी फिरायचं थांबतं. संच काचेच्या ट्यूबचा असेल तर प्लंबर मग ‘ट्यूब गेल्या’ म्हणून नव्या ट्यूब विकतो. सर्वांत जास्त भांडणं होतात ती नळीच्या लांबीवरून. १५ मिलिमीटरच्या तीस मीटर नळीत सव्वापाच लिटर पाणी असतं. सकाळी ते सगळं गार झालेलं असतं आणि खालच्या मजल्यावरचा माणूस तेवढं गार पाणी सोडून देतो, मग कंटाळून गिझर लावतो. उपाय आहे: उभ्या नळीचं वर्तुळ पूर्ण करणारी परतीची नळी, छोटा पंप, पहाटे पाचला चालू होणारा टायमर आणि नळीभर जाड आवरण. पण सोसायटीच्या सभेत आवरणाच्या खर्चावर तासभर वाद होतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो.

या सगळ्या दोषांत एक साम्य आहे. संच बसला की नाही हे बघायला सगळे येतात. तो चालतो की नाही हे बघायला कुणीच येत नाही. पुण्यासह काही महापालिका सौर संचाबद्दल मालमत्ता करात सवलत देतात, ती चांगलीच गोष्ट आहे. पण सवलत गच्चीवर टाकी असण्यावर मिळते, तिच्यातून गरम पाणी येण्यावर नाही. विजेच्या पॅनेलला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला मीटर आहे आणि मीटर महिन्याच्या महिन्याला सांगतं.

उष्णतेलाही मीटर लागतं, आणि ते काही अवघड यंत्र नाही. टाकीतून बाहेर जाणाऱ्या नळीवर एक प्रवाहमापक, आत येणाऱ्या थंड पाण्याच्या नळीवर एक तापमापी, बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर दुसरी. लिटर गुणिले अंशांचा फरक, भागिले ८६०: उत्तर युनिटमध्ये. सोसायटीसाठी एकच पुरतं, घरोघरी लावायची गरज नाही. कर-सवलत, अनुदान आणि राज्याचा सौर आकडा हे तिन्ही या मीटरवर बांधावेत. वार्षिक युनिट दाखवा, सवलत घ्या. न दाखवल्यास टाकी गच्चीवर असली तरी सवलत नाही. दोन-तीन वर्षं असे आकडे जमले की कुठल्या शहरात, कुठल्या पाण्याला, संग्राहक बरा की हीट पंप, हे विक्रेत्याच्या पत्रकावरून ठरवावं लागणार नाही. आणि ते जमेपर्यंत निदान राज्याच्या ऊर्जा अहवालात मेगावॉटच्या रकान्याशेजारी चौरस मीटरचा रकाना पुन्हा छापायला हरकत नसावी. २०१० मध्ये तो होता.